तिसऱ्या तळ्यावरचा कोंबडा

माझा थोरला भाऊ मालखाझ गुहेतल्या तिसऱ्या तळ्यात बुडाला. पाणबुडे हात हलवत परतले. मग त्याचा आत्मा घरी आणायला तेंगिझमामा आणि मी निघालो. सोबत मामाची चोंगुरी आणि टोपलीत एक तांबडा कोंबडा. आमच्या डोंगरातली रीतच ती: माणूस जिथं गेला तिथं चोंगुरीच्या तारा छेडायच्या, त्याला हाका मारायच्या. कोंबडा आरवला की समजायचं, आला. तोवर आईनं रडायचं नाही. माझी आई अजून रडली नव्हती, आणि तिचे ते कोरडे डोळे मला बघवत नव्हते.

गुहा कुताइसी शहरापासून जवळच. सुट्टीला शहरातली पोरं तोंडाशी येऊन मांस भाजतात, गातात. पण आत चुनखडीच्या भिंती जवळ येत जातात आणि पहिलं काळं तळं पायाला लागतं. आम्ही रबरी होडीत बसलो. कोंबड्यानं माझ्या मनगटावर चोच मारली.

"गप रे!" मामा त्याला म्हणाला. "पातेल्याऐवजी होडीत बसवलंय. नशीब समज!"

दुसऱ्या तळ्यानंतर छत इतकं खाली आलं, की उताणं पडून हातांनी खडक ढकलत होडी पुढं न्यावी लागली. पलीकडे तिसरं तळं. मालखाझ जिथं बुडाला, तो काठचा खडक दिसला आणि मी होडी त्याला लावली.

खडकावर बसून मामानं तारा छेडल्या. "मालखाझ! चल बाळा, घरी चल!"

कोंबडा गप्प. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या, तरी गप्प. त्यानं मान पंखात खुपसली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथं कोंबडं उघडं होतं, पण तांबडंच फुटणार नव्हतं!

"अरे, याला रात्र वाटतेय!" मी म्हणालो. आम्ही दिवे विझवले, अंधारात थांबलो आणि एकदम सगळे लावले. त्यानं एक डोळा उघडला. पुन्हा मिटला.

तेवढ्यात माझ्या बुटांत पाणी शिरलं. वर डोंगरात पाऊस झाला होता. तळं चढत होतं!

"निघ!" मामा ओरडला.

"हा आरवल्याशिवाय नाही."

"गोचा, पोरा, वाट बुडतेय!"

"मग आईला काय सांगू?"

मामानं माझी कॉलर धरली. "आणि मी काय सांगू तिला? धाकट्यासाठी आता दुसरा कोंबडा बघ म्हणून?"

मी होडीत उडी टाकली. छत नाकाला घासलं. होडी अडकली!

"हवा सोड!"

झडप उघडली. होडी बसली. पाणी कानांत शिरलं. चोंगुरी निसटली, गेली! मी टोपली छतापाशी धरली आणि खडकाला पकडत सरकलो. एक श्वास. अजून एक. सुटलो! पुढची तळी मामानं आणि मी अर्धी फुगलेली होडी कवटाळून पोहत काढली.

गुहेच्या तोंडाशी आई येऊन उभी होती.

"आरवला?"

मामा काहीतरी गोड सांगणार होता. मी आधीच म्हणालो, "नाही, आई."

तिनं माझे गार पडलेले कान दोन्ही हातांनी चोळले. बराच वेळ चोळले. मग गुहेकडे वळून ओरडली, "मालखाझ! आम्ही निघालो रे! तुझं तू ये!"

त्या रात्री तिनं दाराला कडी घातली नाही.

पहाटे अंगणात तो तांबडा कोंबडा आरवला. कोंबडे रोजच आरवतात, हे मला कळतं. पण आई अनवाणी धावत बाहेर गेली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी रडली. मी उठलो आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.