हिरव्या दोऱ्याचं बटण

धाकट्या भावाचे सिनेमे बघणाऱ्यांपेक्षा बनवणारेच जास्त असतात, असं ताई सगळ्यांदेखत म्हणायची आणि तोही त्यावर खुशाल हसायचा. हा त्याचा तिसरा. सिनेमा भुताचा, पण भूत दिसणार नव्हतं. भूत दाखवणं म्हणजे उथळपणा, असं त्याचं म्हणणं. भूत रंगवायला माणूस परवडत नव्हता हे ताईला ठाऊक होतं; कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय! गोष्ट एवढीच, की एक विधवा रोज दुपारी टेबलावर दोन कप चहा मांडते आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहते. नटीही परवडत नव्हती, म्हणून विधवेच्या कामात त्यांची आईच. जागाही आईचीच, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या.

ताई एरवी छापखान्यात मुद्रितं तपासायची. नऊ दिवसांची रजा टाकून ती आली होती ती काही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. वडील गेल्यापासून वर्षभर आईने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. दोन घास खायची आणि त्याच टेबलाशी बसून राहायची. ताईने विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, पण आई ढिम्म. शेवटी सिनेमाचं निघालं तेव्हा म्हणाली, "एवढं होऊ दे, मग येते तुझ्याकडे राहायला." ताईने तो शब्द घट्ट धरून ठेवला.

तिच्याकडे काम आलं ते वहीचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी घेतात. आजच्या तुकड्याला उद्याचा जुळायला हवा, म्हणून कप किती भरला होता, पडदा किती सरकवला होता, सगळं टिपून ठेवायचं. कॅमेरामन तिला वहीताई म्हणू लागला. पहिल्याच दिवशी आईच्या तपकिरी स्वेटरचं दुसरं बटण तुटलं. घरात तपकिरी दोरा मिळेना, तेव्हा ताईने ते हिरव्या दोऱ्याने शिवलं आणि तेही टिपलं.

प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू होण्याआधी आई तिच्याकडे बघून विचारायची, "हात कुठे होता गं माझा?" ताई वहीत बघून सांगायची, उजवा कपाच्या कानाला, डावा मांडीवर. आई शहाण्या मुलीसारखे हात ठेवायची. मायलेकी इतक्या जवळ कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या. ताईला त्याचं फार बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी तिला वहीत एक ओळ दिसली. समोरची खुर्ची चार बोटं मागे. खुर्ची तर टेबलाला चिकटून होती. नजरचूक झाली म्हणून तिने ओळ खोडली. पाचव्या दिवशी पुन्हा तसंच. समोरचा कप अर्धा. कप तिने स्वतः काठोकाठ भरला होता आणि तो तसाच काठोकाठ होता. ही ओळ मात्र तिने खोडली नाही.

सहाव्या दिवशीच्या पानावर होतं: समोर निळा शर्ट, वरचं बटण उघडं. उजवा हात टेबलावर, पालथा.

अक्षर तिचंच. लिहिल्याचंही आठवत होतं, अगदी निवांतपणे, कपबशी टिपावी तसं. बावीस वर्षांत छापखान्याने तिला एकच गोष्ट शिकवली होती: पानावर जे असायला हवं ते वाचायचं नाही, जे आहे तेच वाचायचं. ते आठवलं आणि तिने ते पान पुन्हा एकदा वाचलं.

भाऊ मात्र पान वाचून खूश झाला. ताई, तू तर माझ्या वरताण निघालीस, म्हणाला. आईने चष्म्याशिवाय वहीत डोकावून पाहिलं.

"वरचं बटण ते कधीच लावत नसत," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

ताईने त्याच संध्याकाळी आईची बॅग भरून दाराशी ठेवली.

नवव्या दिवशी शेवटचं दृश्य होतं, सात मिनिटांचं, मध्ये न थांबता. विधवा चहा संपवते, उठते आणि दाराबाहेर निघून जाते. टेबल मागे उरतं. खोलीत कुणाचा श्वासही नको, असं भावाने ठरवलं. ताईने सगळं जुळवलं, आईला हात सांगितले, कॅमेरामनने कॅमेरा सुरू केला आणि सगळे जिन्यात येऊन उभे राहिले. ऊन कठड्यावर आलं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी गाद्या झटकत होतं.

सातव्या मिनिटाला दार उघडलं. आई बाहेर आली, उंबरठा ओलांडला, पायांत चपला सरकवल्या.

"चला," ती म्हणाली.

ताईला रडूच कोसळलं. भाऊ कॅमेरा बंद करायला आत गेला आणि सामान आवरून बाहेर आला. खोलीत दोन रिकामे कप होते, आणखी काही नाही, असं त्याने नंतर शपथेवर सांगितलं.

तासाभरात मायलेकी ताईच्या घरी पोचल्या. ताईने तिला टेबलाशी बसवलं, चहा टाकला, आणि फोन वाजला.

भाऊ होता.

"ताई, शेवटचं दृश्य बघतोय. आई उठतच नाही गं."

"म्हणजे?"

"बसूनच आहे. समोर बघून हसतेय. शेवटी माझा हात येतो कॅमेरा बंद करायला. तेव्हाही ती तिथेच आहे."

ताईने फोन ठेवला. चहा उतू गेला होता. तिने गॅस बंद केला, कप भरला आणि टेबलावर आणून ठेवला.

स्वेटरची पाचही बटणं तपकिरी दोऱ्याची होती.

खुर्चीतल्या बाईने मान वर केली. चेहरा आईचा. हात मात्र दोन्ही हवेत, टेबलापासून जरा वर, कुठे टेकावेत ते न कळल्यासारखे.

"हात कुठे होता गं माझा?" तिने विचारलं.

ताईने पर्समधून वही काढली आणि पान उघडलं.

"उजवा कपाच्या कानाला," ती म्हणाली. "डावा मांडीवर."

हात बरोबर तिथे गेले.