आपटेकरांचा जंतू

एकोणीसशे पंचावन्न साल. सामाजी आपटेकर हे कोकणातले ज्यू, पनवेलात गुरांचे डॉक्टर होते. सारी हयात बैलांच्या खुरांत गेली. आता पेन्शन जवळ आली, आणि बायको जोकबेद भावामागोमाग इस्रायलला जायचा हट्ट धरून बसली. सामाजींचं एकच म्हणणं होतं: जाऊ, पण आधी इथं कशाला तरी माझं नाव लागू दे.

शेजारच्या कोन गावचा आनंदा, कोंबड्या चोरताना धरलेली रानमांजर टोपलीत घालून घेऊन आला, तेव्हा त्यांचं नशीब फळफळलं. कानातून थेंबभर रक्त घेऊन त्यांनी मांजर परत दिली. घरी उजेड बरा म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी मायक्रोस्कोप मांडला. तांबड्या पेशींत शेपटीवाली वेटोळी बसली होती. कुठल्याच पुस्तकात तसली नव्हती. ताडून बघायला निरोगी रक्त हवं, आणि या घरात आपल्याखेरीज निरोगी कोणी आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःचं बोट टोचून थेंब दुसऱ्या काचेवर घेतला. ती काच स्वच्छ निघाली.

"याला आपटेकरांचा जंतू म्हणतील," ते म्हणाले.

"घराण्याचं नाव जंतूला? माहेरी सांगू काय मी?" जोकबेद म्हणाली.

सकाळी दोन्ही काचा मिठाच्या पाण्यात होत्या. जोकबेदच्या घरात धर्माप्रमाणे मटणसुद्धा मीठ लावून, रक्त काढून मगच शिजायचं. ओट्यावर रक्त दिसलं तसा तिने काचांनाही तोच न्याय लावला होता.

सामाजींनी कपाळाला हात लावला आणि काचा पुसून पाहिल्या. मांजरीच्या काचेत एकही वेटोळं नव्हतं. त्यांची स्वतःची काच वेटोळ्यांनी भरली होती.

सुकवून, रंगवून पक्का केलेला जंतू उठून दुसरीकडे जात नाही. काचांची अदलाबदल झाली असणार. त्यांनी पुन्हा बोट टोचलं. ताज्या थेंबातही वेटोळी होती. ताप नव्हता, उलट भूक दणकून लागली होती.

"मिठाने निघालेलं रक्त जातं कुठं गं?"

"मोरीत," जोकबेद म्हणाली.

स्वतःच्या रक्तातल्या जंतूला स्वतःचंच नाव दिलं तर मुंबईचे साहेब हसतील. मांजर पुन्हा हवी होती. सामाजी भर दुपारी कोनला गेले.

अंगणात मांजर कोंबड्यांच्या मधोमध बसून कण्या खात होती. एक पिल्लू तिच्या पाठीवर चढलं होतं.

"काल रातधरनं अशीच हाय," आनंदा म्हणाला. "कोंबडीला शिवत नाय."

सामाजी पुढे झाले. कोंबड्या फडफडत कौलांवर चढल्या. मांजर उठून आनंदाच्या पायांमागे लपली.

"डाक्टर," आनंदा हळूच म्हणाला, "तुमी तितंच थांबा."

"अरे, मी आपटेकर," सामाजी म्हणाले.

आनंदाची बायको हौसा पुढे आली. सामाजींवरची नजर न काढता तिने पिल्लांवर टोपली पालथी घातली. मग ओटीवरचं तान्हं उचलून आत नेलं आणि कडी लावून घेतली.