नामंजुरीचं कारण

तपासणीच्या खोलीत टेबलाखाली एक माणूस आडवा पडलेला होता. मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंच्या मनात दुसरं काही आलं असतं तरच नवल. साखर उतरली! त्यांनी पर्स टाकली, गुडघ्यांवर बसल्या आणि ग्लुकोजची पूड त्याच्या तोंडात कोंबली.

"अहो... थू... मी वायर जोडतोय!"

असा हा पहिला परिचय. तो संगणकवाला होता, बाह्यरुग्ण विभागात आपला नवा प्रोग्राम बसवायला आलेला. पेशंटच्या साखरेचे आकडे भरले की इन्सुलिन वाढवायचं की कमी करायचं, ते हा प्रोग्राम सुचवायचा. डॉक्टरांनी मंजूर म्हणायचं, नाहीतर नामंजूर. नामंजूर केलं तर कारण लिहायचं. ते संगणकवाल्याकडे जायचं. सध्या चाचणी होती. नकार फार झाले तर विभागाचे मोठे सर प्रोग्राम बंद करणार आणि त्याची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार.

बाईंचा पहिला नकार खरा होता. रात्रपाळीच्या एका ड्रायव्हरचा रात्रीचा डोस प्रोग्रामने वाढवायला सांगितला. संगणकवाला धावत आला.

"तो रात्री ट्रक चालवतो," बाई म्हणाल्या. "स्टिअरिंगवर साखर उतरली म्हणजे?"

"खरंच की... हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आपली चूक इतक्या सहज कबूल करणारा पुरुष बाईंनी आजवर पाहिला नव्हता. घरी तीन भाऊ होते.

दुसरा नकारही खराच, एकट्या राहणाऱ्या एका आजींसाठी. त्यानंतर प्रोग्राम सुधारला. नाव ठेवायला जागा उरली नाही, आणि संगणकवाल्याला यायला निमित्तही.

मग बाई उगीचच नामंजूर करू लागल्या. पेशंटचं नुकसान नको म्हणून डोस मात्र प्रोग्रामने सांगितलेलाच द्यायच्या, चिठ्ठीवर हाताने लिहून. आणि कारण? "समक्ष बोलू." आता काय म्हणावं!

तो यायचा. पाऊस असला तर ओले केस रुमालाने पुसत.

"आज काय चुकलं?"

"चुकलं असं नाही... जरा घाईने सुचवतो तुमचा प्रोग्राम."

"चटकन सांगतो, तेच तर कौतुक!"

"पण विचार केल्यासारखं तरी दाखवावं की नाही?"

"बरं. पुढच्या वेळी हनुवटीला हात लावून बसायला सांगतो त्याला."

त्या हसल्या. त्याची नजर स्क्रीनकडे परत गेली — जरा उशिरानेच. सिस्टर औषधांचं कपाट आवरत होत्या. त्या दिवसांत ते कपाट काही केल्या आवरून होत नसे.

शेवटी मोठ्या सरांनी बैठक बोलावली. "नकार फारच झालेत. बंद करू या."

संगणकवाल्याचा चेहरा उतरला. "कुठेतरी चुकतंय, सर. महिनाभर शोधतोय... सापडत नाही."

बाई गप्प बसल्या असत्या तर त्यांची अब्रू वाचली असती आणि त्याचं काम गेलं असतं. त्या उभ्या राहिल्या.

"प्रोग्रामचं काही चुकत नाहीये. ड्रायव्हर आणि त्या आजी सोडून माझे सगळे नकार खोटे आहेत. डोस मी प्रोग्रामचेच दिलेत, तपासून घ्या."

"खोटे? कशासाठी?"

"हे... हे यावेत म्हणून."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते नकार वगळा. प्रोग्राम चालू राहील. आणि बाई, या चाचणीतून तुम्ही बाहेर."

बरोबरच होतं. बाईंनी मान हलवली आणि त्या बाहेर पडल्या.

जिन्यात तो मागून धावत आला. कान लालबुंद.

"महिनाभर मी डोकं फोडून घेतोय!"

"रागवा. हक्कच आहे तुमचा."

"रागावलोच आहे. भयंकर." तो एक पायरी खाली उतरला. "पण... नकाराचं उत्तर खरं तर फोनवर द्यायचं असतं. बाकीच्या डॉक्टरांना मी फोनच करतो."

बाईंनी कठडा धरला. "मग इथे...?"

"दोन बस बदलून येत होतो." तो हसला. "आता उद्या काय सांगून येऊ, ते तुम्हीच सांगा."

"काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "नुसते या."