दादाचा आवाज कोण पुसतंय?

"त्रिकोण गेला!" अतुल ओरडला. "काल होता. म्या सोता ऐकला. आज नाही!"

"नीट पाय ना बे! दुसऱ्या फोल्डरात असंन," पायल म्हणाली.

"अन् 'पावसाचं पाणी'? थेबी गेलं!"

दीपानं एकेक फोल्डर उघडून बघायला घेतला.

आर्णीतल्या त्यांच्या मोहल्ल्यात बुद्धविहाराला लागून एक छोटी अभ्यासिका होती. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये दीपाच्या मोठ्या भावानं, राजदीपदादानं, स्वतःच्या आवाजात धडे भरून ठेवले होते. गणित, विज्ञान, इतिहास! ज्यांना शिकवणी परवडत नाही, त्या पोरांनी यावं, बटण दाबावं आणि ऐकावं.

त्या वर्षी कपाशीवर अळी पडली. गावोगाव फवारणी सुरू झाली. कॉलेजच्या खर्चाला हातभार म्हणून दादाही फवारायला गेला, तोंडाला साधा रुमाल बांधून. परतला तेव्हा त्याला धड दिसत नव्हतं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तिथून तो घरी आलाच नाही. त्याचा फोन त्याच शेतातल्या चिखलात गेला. आता त्याचा आवाज फक्त या कॉम्प्युटरमध्ये होता.

म्हणून तर दिवाळीची सुट्टी लागताच तिघांनी ठरवलं होतं, सगळे धडे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे!

"पाहा, पाहा!" पायल किंचाळली. त्यांच्या डोळ्यांदेखत यादीतलं आणखी एक नाव नाहीसं झालं.

दीपानं झटकन पेन ड्राइव्ह लावला आणि कॉपी करायला घेतलं. पण कॉपीची हिरवी पट्टी जागची हलेना. कॉम्प्युटर धापा टाकल्यासारखा घरघरत होता.

"आत काहीतरी चालू हाय," दीपा म्हणाली. "दादा म्हणे, कॉम्प्युटर दमला की टास्क मॅनेजर उघडायचा. कोण काम करून राह्यलं, थे दिसते."

तिनं तो उघडला. चालू असलेल्या प्रोग्रामांची लांबलचक यादी आली. त्यात 'स्वीपर' नावाचा एक जण सगळी ताकद खात होता.

"म्हणजे झाडूवाला!" अतुल म्हणाला. "हाच चोर! बंद कर त्याले!"

दीपानं तो बंद केला. नाव गेलं. तिघांनी श्वास सोडला. आणि नाव परत आलं!

"आँ? मेला नाही काय?"

पुन्हा बंद केलं, पुन्हा आलं. चौथ्या खेपेला पायलची नजर खाली गेली. "दीपे, थो 'वॉचर' पाय! झाडूवाला गेला का हा हलते, अन् त्याले परत उभा करते!"

मग वॉचर बंद केला. तर स्वीपरनं त्याला जिवंत केलं! दोघं जण एकमेकांना राखत होते. तेवढ्यात आणखी एक धडा गेला. अतुलनं मागचापुढचा विचार न करता सरळ वायर उपटली. पडदा काळा झाला.

"काय तोडफोड चालू हाय रे पोट्टेहो?" दारात धर्मपालकाका उभे होते. अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याकडे असायची.

"काका, दादाचे धडे पुसून राह्यलं कोनीतरी!"

"कोनी नाही पुसत. लय हळू चालत होता म्हणून म्या यवतमाळहून एक सीडी आनली. जुना कचरा साफ करते म्हने. जे जे इचारलं त्याले 'हो' म्हटलं, झालं! एवढं काय त्याच्यात?"

"कचरा?" दीपाचा आवाज चिरकला. "काका, थो माह्या दादाचा आवाज हाय!"

काका गडबडले. पण मोठ्या माणसाला आपली चूक लगेच कुठे दिसते! "काही होत नाही. सुट्ट्या संपल्या का मानूस बलावू. तवरिक कोनी हात नाही लावायचा!" असं म्हणून ते बाकावर पेपर उघडून बसले.

पेन ड्राइव्ह काढून घेऊन तिघं बाहेर पडली. दीपाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"वायर काढलेली हाय, म्हणजे सध्या तरी पुसत नाही," अतुल म्हणाला.

"पन काका मोबाइल चार्जिंगले लावाले आले, अन् वायर जोडून बटन दाबलं तं? चालू झाला का झाडूवाला आपोआप उठते!" पायल म्हणाली.

दीपानं डोळे पुसले. "दोघायले एकाच वेळी मारलं पाह्यजे. आपला हात तेवढा चालत नाही. पन लिहून ठेवलेला हुकूम चालते!"

"म्हणजे?"

"स्क्रिप्ट! दादानं मले शिकवलं होतं. एका ओळीत हुकूम द्यायचा, या दोघायले बंद कर. खालच्या ओळीत म्हणायचं, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. मंग थे डोकं वर काढतील तेवढ्यांदा मार खातील!"

पायलच्या मामाचं झेरॉक्सचं दुकान जवळच होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर दीपानं त्या ओळी टाइप करून पेन ड्राइव्हवर घेतल्या. टाइप करताना दादा मागे उभा आहे असं तिला दोनदा वाटलं. दोनदा तिनं वळून पाहिलं.

आता काकांना हलवायचं होतं! ते काम पायलनं घेतलं. तिनं विहाराच्या टाकीचा नळ पूर्ण सोडला आणि धावत आली. "काका! पानी वाह्यलं जाऊन राह्यलं! नळ बंदच नाही होत माह्यानं!"

काका चप्पल न घालताच पळाले. अतुलनं वायर जोडली. कॉम्प्युटर कुंथत सुरू झाला. दीपानं पेन ड्राइव्ह लावून स्क्रिप्टवर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडली, अक्षरं भराभर वर सरकू लागली...

"झाडूवाला अजून जिताच हाय!" अतुल ओरडला. "अन् एक धडा गेला! दीपे, लवकर!"

दीपानं स्क्रिप्टची फाइल उघडली. वॉचरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं! माणूस असता तर समजून घेतलं असतं, यंत्र कसं घेणार? आणखी एक नाव गेलं. तिनं अक्षर सुधारलं, जतन केलं, पुन्हा टिचकी मारली.

यादीतून स्वीपर गेला. वॉचर गेला. दोघांनी क्षणभर डोकं वर काढलं आणि पुन्हा आपटले. मग परत आलेच नाहीत.

"मेले!" अतुलनं टुणकन उडी मारली.

कॉम्प्युटरची घरघर थांबली. दीपानं पुन्हा कॉपी लावली आणि हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

धर्मपालकाका ओल्या पायांनी आत आले, रागानं काही बोलणार होते. पण दीपानं एक धडा लावला होता, आणि खोलीत राजदीपचा आवाज भरला. काका होते तिथेच थांबले.

"याले कचरा म्हनलं म्या," ते म्हणाले. "पोट्टेहो, तुमी नसते तं म्या या पोराले दुसऱ्यांदा मारलं असतं. लय मोठं काम केलं तुमी." त्यांनी तो प्रोग्राम पोरांनाच मुळासकट काढायला लावला आणि स्वतः जाऊन दीपाच्या आईला, तुळसाबाईंना, बोलावून आणलं.

दादा गेल्यापासून तुळसाबाई अभ्यासिकेकडे फिरकल्या नव्हत्या. त्या खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसल्या. वाचलेल्या धड्यांतला 'अपूर्णांक, भाग पहिला' दीपानं लावला. तुळसाबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. तरी पदर तोंडाला लावून, एकही शब्द न चुकवता त्यांनी सगळं ऐकलं. भाकरीचे सारखे चार तुकडे, त्यातला एक म्हणजे पाव...

"समजलं काय?" आवाजानं विचारलं.

"हो रे राजा," तुळसाबाई म्हणाल्या.

"मंग उरलेलं पुढच्या भागात पाहू," आवाज म्हणाला आणि थांबला.

"लाव ना माय पुढचा," आई म्हणाली.

दीपानं यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. "पुढचा नाही उरला, आई."

तुळसाबाई कॉम्प्युटरच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मंग हाच पुन्हा लाव."