फॉरमॅट मारलेला लॅपटॉप

कुणाला पटो, न पटो. हे कोपरगावात घडलंय, आणि जिच्या बाबतीत घडलं ती पंकजा आजही तिथंच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. साखर कारखाने चालू होते. स्टँडमागच्या तिच्या गल्लीतही दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज यायचा.

पंकजा भुताखेतांच्या गप्पांना हसणारी बाई. मशीन बिघडलं की त्याला काहीतरी कारण असतं, एवढंच तिला माहीत.

एका दुपारी बजरंग नावाचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. नदीकाठच्या एका वाडीतला शेतकरी. लॅपटॉप त्याच्या धाकट्या बहिणीचा होता, राजेश्वरीचा. नर्सिंगला होती. दिवाळीनंतर कॉलेजला जाताना तिची स्कूटी उसाच्या ट्रॉलीखाली गेली.

पंकजानं विचारलं, आतले फोटो वगैरे काढून ठेवायचे का?

"काहीच ठेवू नका, ताई. एक फोटो बी नको. पार कोरा करा."

मग खाली बघत तो म्हणाला, आई रोज दिवेलागणीला हा लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसते. बंद लॅपटॉपशी बोलते. आज तिला न सांगता आणलाय.

पंकजा एरवी गिऱ्हाईकाच्या डेटाची एक कॉपी आठवडाभर तरी ठेवते. त्या दिवशी नाही ठेवली. त्या माणसाचा चेहरा बघून तिचं मनच झालं नाही.

तिनं पेनड्राईव्ह लावला. हार्डडिस्कचे सगळे भाग एकेक करून उडवले. डिस्क फॉरमॅट केली आणि नवीन विंडोज टाकायला लावली.

ते होईपर्यंत बाहेर अंधारून आलं होतं.

स्क्रीनवर नवा, रिकामा डेस्कटॉप उघडला. ना फोटो, ना फाईल. इंटरनेट जोडलेलं नव्हतं. आवाजाचं सॉफ्टवेअर तर अजून टाकायचंच होतं. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती.

म्हणजे त्या लॅपटॉपमधून आवाज येणं शक्यच नव्हतं.

गल्लीतले ट्रॅक्टर एकाएकी थांबल्यासारखे झाले...

आणि अगदी जवळून कुणीतरी विचारलं,

"आई... दिवा लावला का?"

पंकजानं दारात जाऊन बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. समोरचं दुकान बंद होतं.

ती परत आली. चार्जर ओढला. लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली. स्क्रीन काळी पडली.

ती श्वास रोखून उभी राहिली.

"आई...?"

या वेळी आवाजात वाट बघणं होतं.

पंकजा शटर ओढून थेट घरी गेली. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, शेजारच्या कुणाचा तरी मोबाईल असेल. तिनंही मनाची तशीच समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेलं काम उरकलं आणि लॅपटॉप बजरंगच्या हवाली केला. त्याला तिनं आवाजाचं काही सांगितलं नाही.

लॅपटॉप गेला. आवाज गेला नाही.

रोज दिवे लागायच्या वेळी, रिकाम्या टेबलापाशी... तोच प्रश्न. पंकजा मोठ्यानं रेडिओ लावायची. गाण्याच्या आडूनही तो ऐकू यायचा.

काही दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी छातीशी धरला होता. राजेश्वरीची आई, मालनबाई.

त्या भांडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"तुमीच पुसलं का?"

पंकजानं होकारार्थी मान हलवली.

मग मालनबाई सांगत राहिल्या. पोरगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली की तिथूनच ओरडून विचारायची, आई, दिवा लावला का? ती गेल्यावरही या लॅपटॉपमधून तसंच विचारायची. मालनबाई लावला गं म्हणायच्या, की आवाज शांत व्हायचा. पोराला ते ऐकू येत नव्हतं. पोराला वाटलं, आईला वेड लागलंय.

"मी सांगितल्याबिगर ती गप बसायची न्हाई. आता घरात कायबी ऐकू येत न्हाई, ताई. कुठं गेली असंल ती?"

 आवाज इथं येतो, हे पंकजाच्या ओठांवर आलं होतं; ते तिनं गिळलं. सांगितलं असतं, तर ही माउली या दुकानातून उठलीच नसती.

संध्याकाळ झाली. मालनबाईंच्या गाडीची वेळ होईपर्यंत दोघी टेबलापाशी बसून राहिल्या.

काही आवाज आला नाही. त्या दिवशीच नेमका आला नाही.

शेवटी मालनबाई रिकाम्या दुकानात म्हणाल्या, "लावला गं बाय." लॅपटॉप पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि गाडी पकडायला निघून गेल्या.

पंकजा शटर खाली घेत होती. ते अर्ध्यावर आलं असेल...

"आई... दिवा लावला का?"

ती स्टँडकडे धावत सुटली. गाडी नुकतीच हलली होती. मागची लाल बत्ती तेवढी दिसली.

ती परत आली. दुकानात अंधार होता. आवाज विचारतच होता, आता रडवेला होऊन. ऐकवेना, तेव्हा पंकजानं शटरखालून वाकून, जमेल तितक्या मायेनं सांगितलं,

"लावला गं."

सगळं गप्प झालं.

तिला वाटलं, सुटले.

मग आतून, अगदी शटरला तोंड लावल्यासारखा आवाज आला...

"तू कोण?"

पंकजा आता उजेड असतानाच दुकान बंद करते. मालनबाईंचा नंबर तिच्याकडे आहे. कितीदा काढला, पण लावला नाही. बोलवावं, तर बाई पुन्हा रिकाम्या हातानं जातील का, ही भीती.

आणि न बोलवावं, तर ती पोरगी आत कुणाची वाट बघत बसली असेल...