अठरावा ते चोविसावा आठवडा

चांद्रवसाहतीच्या तपासणी कक्षात डॉक्टर तस्नीम मुजावर पडद्यावरच्या सतराव्या आठवड्यातल्या बाळाकडे बघत होत्या. बाळ जेमतेम वीतभर, पण हातपाय झाडण्यात पटाईत.

"हालचाल जाणवते ना गं?"

"कालपासून. मासोळी वळल्यासारखं वाटतं," टेबलावर झोपलेली मंजिरी खोत म्हणाली. ती इथे चार वर्षं खनिजं तपासत होती. तिचा नवरा श्रीपाद, वसाहतीचा यंत्रअभियंता, शेजारी उभा होता.

डॉक्टर हसल्या नाहीत. "दोघंही नीट ऐका. कानाच्या आत बारीक खडे असतात, त्यांना तोलकण म्हणू. ते वजनाने झुकतात आणि खाली कुठे, वर कुठे, हे मेंदू शिकतो. अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यात शिकलेलं जन्मभर टिकतं. चंद्रावर वजन एक षष्ठांश. इथल्या प्रयोगातली सशाची पिल्लं कधी उभीच राहिली नाहीत."

"मग हिला पृथ्वीवर पाठवा," श्रीपाद म्हणाला.

"यान उडतानाचा दाब हिला या दिवसांत सोसणार नाही."

श्रीपादने आठवड्याभरात गुरुत्वचक्र उभं केलं. वीस मीटर रुंदीचं, मिनिटाला नऊ फेरे. आतल्या माणसाला जवळपास पृथ्वीवरचं वजन.

चक्र बघून डॉक्टरांनी मंजिरीला बाजूला घेतलं. "या दिवसांत बाईचं रक्त दीडपटीकडे जातं, हृदयाला जास्त राबावं लागतं. तुझं हृदय इथे आळसावलंय. ते कायमचं दुबळं होईल. एकदा बाहेर आलीस की पुन्हा तेवढ्या वजनात जाता येणार नाही. गेलीस तर मरशील."

"बाळ उभं राहील ना?"

"राहील."

"मग विचारता काय?"

वजनाचा हिशोब तिघांनी तीनदा तपासला. वजनापलीकडे कुणी बघितलंच नाही. शहाण्या माणसांची ही जुनी खोड आहे, आणि तिची किंमत सहसा दुसराच कुणीतरी मोजतो.

सात आठवडे मंजिरी चक्रात राहिली. पहिले दहा दिवस नुसत्या उलट्या. मग पाय सुजले, पाठ धरली, ओठ निळसर पडले. "आज लाथ मारली," ती फोनवर सांगायची आणि मध्येच धाप लागून थांबायची. चोविसावा आठवडा संपला तेव्हा तिला स्ट्रेचरवरून बाहेर काढलं.

पूर्ण दिवसांनी मुलगी झाली. वजन छान, हाडं भक्कम. पण ती रडायची थांबेना. मान जरा वळली की कड्यावरून पडल्यासारखी दोन्ही हात फेकायची, प्यायलेलं दूध ओकायची. चार दिवसांत ती सुकली.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या लक्षात आलं. "आपण तिला वजन दिलं, पण त्याच्याबरोबर फिरणंही दिलं. फिरत्या चक्रात डोकं वळवलं की जसं वाटतं, तेच तिच्या मेंदूने खरं मानलंय. स्थिर जमिनीवर तिला सतत पडल्यासारखं वाटतंय."

"किती दिवस वाटेल?" मंजिरीने विचारलं.

उत्तर डॉक्टरांनी आधीच दिलं होतं: या आठवड्यांत शिकलेलं जन्मभर टिकतं.

श्रीपाद मुलीला घेऊन चक्रात शिरला. दार लागलं, फेरे वाढत नवावर गेले आणि रडणं थांबलं. बाहेर मंजिरी फोन कानाला लावून उभी होती. चक्र थांबवल्याशिवाय मुलीला बाहेर आणता येणार नव्हतं, आणि मंजिरीला आत जाता येणार नव्हतं. तिला भयंकर वाटत होतं, पदर दुधाने भिजला होता.

"झोपली का रे?"

"झोपली. बाटलीभर दूध प्यायली. थांबवू का जरा? बघतेस?"

"नको," ती म्हणाली. "कधीच थांबवू नकोस."