माहीत असलेल्या अडचणी

"हे लिहिणारा माणूस एकदा भेटला पाहिजे मला. समोरासमोर!"

डायलिसिस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या तिनं दचकून वर पाहिलं. चहाच्या मशिनपाशी एक माणूस उभा होता. उंच, किंचित पोक काढलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. तो तिच्याशी बोलतच नव्हता. हातातल्या छापील कागदांशी त्याचं भांडण चाललं होतं.

तिची नजर त्या कागदांवर गेली. ते शब्द तिचे होते.

सर्व्हरचं व्हायरसपासून आणि चोरट्यांपासून रक्षण करणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. दर नव्या आवृत्तीसोबत ग्राहकांना एक दस्तऐवज जाई — नवं काय, सुधारलं काय आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, 'माहीत असलेल्या अडचणी'. तो लिहिण्याचं काम तिचं. चार वर्षांत तो कुणी वाचताना तिनं पाहिलं नव्हतं. आणि इथे हा गृहस्थ चक्क लाल पेनानं खुणा करत होता!

"काय चुकलंय त्यात?" न राहवून तिनं विचारलं.

"चुकलंय असं नाही हो. हे बघा... 'काही प्रसंगी सेवा खंडित होऊ शकते.' काही प्रसंगी म्हणजे कधी? माझ्या वाढदिवसाला?"

ती हसली. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

"लिहिणाऱ्यालाही माहीत नसेल कदाचित."

"मग विचारून घ्यावं की! पण एक आहे..." त्यानं कागद उलटला, "भाषा छान आहे. एवढं रुक्ष प्रकरण, तरी वाचताना कंटाळा येत नाही. कोण बाई आहे की बुवा, कोण जाणे."

'मीच ती' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आपल्या पाठीमागे कुणी आपलं कौतुक करतंय, हा अनुभव तिला इतका नवा होता की तिला तो मोडवेना. म्हटलं, सांगू उद्या-परवा. आणि ते राहून गेलं, ते राहूनच गेलं.

हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळणारा तो एकटाच माणूस. बसायचा तळघरात. तिचे बाबा त्याला 'तळघरवाले' म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं.

बाबा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आता मूत्रपिंडांनी हात टेकले होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास मशिनला जोडून घ्यायचं. "आठवड्यातून तीनदा माझं रक्त बाहेर फिरून येतं," ते म्हणायचे, "मीच तेवढा घरकोंबडा." त्यांचे पाय सुजत, बोटं काळवंडत चालली होती, पण जीभ शाबूत होती.

तो वॉर्ड म्हणजे उदासीचं माहेरघर होतं. राखाडी भिंती, मशिनांची एकसुरी घरघर, खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी. एखाद्या गुरुवारी शेजारची खुर्ची रिकामी दिसे आणि कुणी काही विचारत नसे. पण दहा वाजता बाबांना मशिन जोडलं की ती बाहेर बाकावर यायची, आणि चार जिने चढून तळघरवाला वर यायचा. लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता. बोटं भाजू नयेत म्हणून तिचा चहा तो एकात एक घातलेल्या दोन कपांत आणायचा. स्वतःला एकच.

"तुम्ही काय करता?" एकदा त्यानं विचारलं.

"लिहिते."

"काय?"

"कुणी वाचत नाही असं काहीतरी."

"कविता!"

"त्याहून वाईट."

"मग मला द्या. मी काहीही वाचतो. औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा सोडत नाही."

"आणि लाल पेनानं खुणा कराल..."

"तुमच्या लिखाणावर?" तो थबकला, कपाकडे पाहत हसला. "नाही... तुमच्यापुरतं हिरवं पेन आणीन."

तिनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. गाल तापल्याचं कुणाला दिसू नये म्हणून. वॉर्डाच्या काचेच्या दारापलीकडे बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू तिच्या नजरेतून सुटलं नाही.

त्याच सुमारास ऑफिसात नव्या आवृत्तीची धांदल सुरू झाली. आवृत्ती खरोखरच मोठी होती. ग्राहकाच्या स्वतःच्या इमारतीतले असोत की इंटरनेटवर भाड्यानं घेतलेले, सगळे सर्व्हर एकाच पडद्यावर दिसणार होते. तपासणीचा वेळ निम्म्यावर आला होता. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरलाच, तर मूळ फायली आपोआप परत मिळणार होत्या. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'पहारा'. ओळखीच्या यादीत नसलेला कुठलाही प्रोग्राम तो जागच्या जागी थांबवणार होता. बसवल्या क्षणापासून आपोआप चालू.

"सांभाळून लिही हं," चाचण्या करणारी मैत्रीण तिच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली. "जुने प्रोग्राम, ज्यांच्यावर बनवणाऱ्याची खूण नाही, तेसुद्धा तो चोर समजून धरतो. आम्ही वर कळवलंय. पण तारीख पुढे जाणार नाही म्हणे."

तिनं स्वच्छ लिहिलं: 'जुने प्रोग्राम बंद पडतील. आधी पहारा "फक्त नोंद" या अडवणूक न करणाऱ्या पर्यायावर दोन आठवडे ठेवा, यादी तयार करा, मगच चालू करा.' आणि ते पहिल्या पानावर घातलं.

मॅनेजरनं तिला बोलावलं. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे.

"अगं, पहिल्याच पानावर अपशकुन? हे वाचून कोण बसवेल? जरा मऊ कर."

"पण बंद पडणारच आहेत ते..."

"सगळ्यांचे कुठे पडणार आहेत? आणि हे बघ, बाबांच्या आजारपणात तुला आठवड्यातून तीनदा उशिरा येऊ देतो ना आपण? मी कधी काही बोललोय?"

त्यानं ते इतक्या गोड आवाजात म्हटलं की धमकी आहे हे तिला जागेवर परतल्यावर कळलं. तिनं वाक्य बदललं: 'काही जुन्या प्रोग्रामवर परिणाम संभवतो.' पान चौदा. 'फक्त नोंद' कसं निवडायचं, तेही त्याच पानाच्या तळाशी गेलं.

घरी बाबांनी सवयीनं तो मसुदा मागून घेतला, पेन्सिल घेऊन बसले. चौदाव्या पानावर ते बराच वेळ थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. का?"

"तू नाही. हे घाबरलेल्या माणसानं लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला, मसुदा तिच्या हातात परत दिला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी आवृत्ती बाहेर पडली. शनिवारी तळघरवाला भेटला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. त्यानं अजून ती पाहिलीही नव्हती. तेव्हाच सांगायचं! पण त्या दिवशी तो कधी नव्हे तो स्वतःबद्दल बोलत होता... आईच्या माघारी रिकाम्या झालेल्या घराबद्दल, गेली कित्येक वर्षं एकट्यानं जेवण्याबद्दल. "मंगळवारी दहाला," जाताना तो म्हणाला, "मला तुमच्याशी जरा बोलायचंय. चहाव्यतिरिक्त." आणि कान लाल करून जिना उतरून गेला. ती तशीच उभी राहिली, हातात गार झालेला चहा धरून. मंगळवारी सांगू, तिनं ठरवलं. आधी आपण कोण ते सांगू आणि मग पहाऱ्याचं. त्याचा नंबर तिच्याकडे होता. पण फोनवर हे सांगायला तिची जीभ रेटेना.

मंगळवारी पावणेदहाला ती बाबांना घेऊन पोचली, तर वॉर्डाबाहेर बारा माणसं खोळंबली होती. आत मशिनं गप्प.

"शुद्ध पाण्याचे आकडे दाखवणारा पडदा काळा पडलाय," सिस्टर हताशपणे म्हणाल्या. "पाणी तपासल्याशिवाय कुणालाही मशिनला जोडता येत नाही. हातानं तपासायचं साहित्य मागवलंय, ते यायला दुपार होईल. सकाळी सर्व्हरवर नवीन काहीतरी बसवलं म्हणे..."

तिला चौदावं पान आठवलं. बाबांना भिंतीशी टेकवून बसवलं. त्यांचा श्वास जड झाला होता, रविवारपासून अंगात पाणी साचलेलं. "बाबा, आलेच मी," म्हणाली आणि जिने उतरत पळाली.

तळघरात ती पहिल्यांदाच येत होती. तो कानाला फोन लावून, घामाघूम होऊन पडद्यासमोर बसला होता. पलीकडून मदतकेंद्राचं संगीत वाजत होतं.

"पाण्याचा प्रोग्राम वीस वर्षांचा आहे," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "पहारा त्याला उठूच देत नाही. काढायला गेलो तर पहारा मलाही ओळखत नाही!"

"तो काढू नका," ती धापा टाकत म्हणाली. "धोरणात जा... डावीकडे. आता 'अंमलबजावणी'. तिथे तिसरा पर्याय, 'फक्त नोंद'. तो निवडा, आणि सर्व्हर बंद न करता 'पुन्हा पाठवा' दाबा."

त्याची बोटं तिच्या शब्दांमागून धावली. एक मिनिट गेलं, मग दुसरं. कोपऱ्यातल्या लहान पडद्यावर हिरवे आकडे उमटले.

फोन खाली ठेवून तो सावकाश वळला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण... ते मी लिहिलंय."

त्यानं टेबलावरचे कागद ओढले, चौदावं पान काढलं.

"हेही?"

"हो."

"आणि तो बंद पडणार, हे ठाऊक होतं?"

खोटं बोलायची तेवढी एक संधी होती. "हो," ती म्हणाली.

तो रागावून ओरडला नाही. कागद सरळ केले, कडा जुळवल्या. "वर जा," एवढंच म्हणाला. "काका वाट बघत असतील."

पाण्याची तपासणी होऊन बाबांना साडेअकराला मशिन लागलं. तोवर त्यांचे ओठ निळसर झाले होते. त्यांना दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

हॉस्पिटलनं चौकशी लावली आणि चौकशी होईपर्यंत तळघरवाल्याला घरी बसवलं. त्यानं तिचे फोन घेतले नाहीत. तिनं मग हॉस्पिटलला पत्र लिहिलं. मूळ मसुदा, बदललेलं वाक्य, कुणी बदलायला सांगितलं आणि कुणी बदललं, सगळं. बदलणारीचं नाव तिनं आधी लिहिलं. पत्राची एक प्रत स्वतःच मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली. ग्राहकांना मात्र दुरुस्तीपत्रक गेलं आणि पहारा आपोआप चालू होणं बंद झालं.

बाबांनी पत्राची प्रत वाचली, पेन्सिल न उचलता परत दिली. "एकही चूक नाही," म्हणाले.

पाच आठवड्यांनी, एका पावसाळी दुपारी, मशिन चालू असतानाच बाबा गेले. त्या मंगळवारचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान हलवली. पण मनात ते कुठेतरी राहायचं ते राहिलंच.

त्यानंतरच्या एका शनिवारी ती बाबांचे सदरे घडी घालून खोक्यात भरत होती. दारावर थाप पडली. उघडलं तर तो. नखशिखांत भिजलेला, आणखी थोडा वाकलेला.

"काकांचं परवा कळलं," तो म्हणाला. "आधी कळलं असतं तर..."

हातातल्या सदऱ्याची घडी ती पुन्हा घालत राहिली. बोलली असती तर रडू फुटलं असतं.

"मी रागावलोय अजून," दारातच उभा राहून तो म्हणाला. "जाईल म्हणून वाट पाहिली. जात नाही. पण राग घेऊन कुठं जावं म्हटलं, तर पाय इकडेच वळतात."

"मी घाबरट आहे," ती म्हणाली. "पुन्हा नाही होणार असं वचन मागू नका. देता येणार नाही."

"मी कुठे शूर आहे!" त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "नवीन काहीही बसवण्याआधी वेगळ्या सर्व्हरवर आठवडाभर तपासायचं, हा नियम मीच केलेला. त्या दिवशी मोडला. तुम्ही दहाला येणार होतात... त्याआधी हात रिकामे हवे होते. चौकशीत हे बोललो नव्हतो. तुमचं पत्र वाचलं आणि लाज वाटली. काल जाऊन लिहून दिलं."

"म्हणजे नोकरी...?"

"सोमवारी कळेल. जाईल बहुतेक."

बाहेर पावसाचा जोर वाढला. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"त्या दिवशी मला जे बोलायचं होतं ना..." तो म्हणाला, "ते अजून तसंच आहे. रागासकट. चालेल?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी आता थांबेना. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. बाजूला सरून तिनं दार पूर्ण उघडलं.

"आत ये," ती म्हणाली. "भिजतोयस तू."

त्यानं वर पाहिलं. मग खाली वाकून तो बुटांच्या ओल्या नाड्या सोडू लागला.